वारा सरला का?

टेलिफोन खात्यात मी केबल जोडारी होतो.
भोईवाड्याच्या मॅनहोलात बाराशे जोड्या,
पाणी शिरलं की अख्खी आळी मुकी.
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा,
झोपेतसुद्धा बोटं पीळ देत असायची.

लग्नाच्या बाराव्या वर्षी अथांग झाला
आणि तिसऱ्या दिवशी त्याचं पोट ढोलकीसारखं,
ओकारी हिरवी.
परळला तळपदे मॅडमनी
केसपेपरच्या पाठीवर आतडं काढलं
आणि शेवटच्या अकरा सेंटिमीटरवर पेन टेकवलं.
"इथे नसाच नाहीत."

तुटल्या? मी विचारलं.
मला तेवढंच विचारता येतं.

"पोचल्याच नाहीत.
पोटात असताना बाळाच्या मानेपाशी काही पेशी जन्मतात,
त्या आतड्याच्या कडेकडेने खाली चालत येतात.
बाराव्या आठवड्यापर्यंत मुक्कामाला.
ह्याच्या वाटेतच थांबल्या."

बायकोने घरी येऊन कॅलेंडर काढलं,
आठवडे मोजले.
पाचव्यात तिने गच्चीवर पाण्याच्या बादल्या नेल्या होत्या.
आठव्यात नणंदेशी भांडली होती.
मॅडम म्हणाल्या, बाई, त्याचा काही संबंध नाही.
तिने मान हलवली
आणि पुन्हा मोजायला बसली.

मुकी अकरा कापली, बोलकं टोक खाली ओढून शिवलं.
मग राउंडला येईल तो एकच विचारी,
वारा सरला का?
चार दिवस.
पाचव्या रात्री अडीच वाजता सरला,
एवढासा, दारामागे कुणी कुजबुजल्यासारखा.
शेजारच्या खाटेवरच्या रुकय्याबी उठून बसल्या,
"पादा! बच्चा पादा!"
सिस्टरने वहीत वेळ लिहिली.
माझ्या उभ्या नोकरीत
इतका स्वच्छ डायल टोन मी ऐकला नव्हता.

पण गोष्ट तिथे संपत नाही.
तो आता सात वर्षांचा आहे.
रोज रात्री रबरी नळी, मिठाचं कोमट पाणी,
दप्तरात जादा चड्डी, तळाशी, भूगोलाच्या खाली.

अंधेरीला एकाने काचेच्या केबिनमध्ये बसवून
थंड ताक पाजलं.
स्टेम सेलची तीन इंजेक्शनं, साडेचार लाख,
गॅरंटी.
मी चेकबुक खिशात घेऊनच परळला गेलो.
तळपदे मॅडम आधी काहीच बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, "गॅरंटी म्हणाला ना?
मग उठा तिथून."
आणि स्वतः मात्र मागितला
त्याच्या आतड्याचा नखाएवढा तुकडा,
बदल्यात काही नाही.
"उंदरांत रुजतात. माणसाचं मला माहीत नाही.
ह्याला उपयोग होईल असं मी लिहून देणार नाही."
मी सही केली.
का केली ते बायकोला अजून नीट सांगता आलेलं नाही.

चौथ्या मजल्यावर, लाँड्रीच्या मागे, एक फ्रिजएवढी पेटी,
आत माझ्या मुलाच्या अंगाइतकी ऊब.
दुर्बिणीला डोळा लावला.
गुलाबी पाण्यात एक गोळा, मोहरीहून लहान,
त्यातून एक तार निघालेली,
चाचपडत,
जसा मी पहिल्या वर्षी चाचपडायचो उस्तादाच्या टॉर्चखाली.
शेजारच्या गोळ्याच्या अलीकडे ती थांबली होती.
"पोचेल?"
"परवा बघू."
माझा हात आपोआप पक्कडीकडे गेला.
रिटायर होऊन चार वर्षं झाली,
पक्कड कुठली.

रात्री नळी लावताना अथांगने विचारलं,
त्या माझ्याच ना?
तुझ्याच.
मग रविवारी त्यांना कोण भरवतं?
शिवडीहून एजाज नावाचा मुलगा येतो, मी म्हटलं,
सुट्टीच्या दिवशीही. जुनं पाणी काढतो, नवं घालतो.
तो विचारात पडला. पाणी आत जात होतं.
"त्याला सांगा," म्हणाला,
"थोडं गरम करून घाल म्हणावं.
गार असलं की दुखतं."